गॅसच्या पाइपला झिणझिण्या येतात? पाइपला तार बांधण्याआधी हे तपासा

तक्रार फिरून फिरून तीच असते, फक्त सांगणारं घर बदलतं. खालीलपैकी एखादं जरी जुळलं तरी पुढे वाचा.

- शेगडी किंवा हॉब पुसताना बोटांना मुंग्या येतात. हात ओला असला की जास्त.
- गॅसचा कॉक फिरवताना चटका बसतो, तोही दुसरा हात नळाला किंवा स्टीलच्या सिंकला लागलेला असेल तेव्हाच.
- पाइपला टेस्टर लावला की मंद पेटतो.
- चप्पल असेल तर काही नाही, अनवाणी उभं राहिलं की जाणवतं. पावसाळ्यात वाढतं.
- ठरावीक वेळीच होतं: फ्रिज चालू झाला की, चिमणी लावली की, किंवा लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की.

शेवटचं लक्षण सगळ्यात मोलाचं. मला बोलावणाऱ्या काकूंना मी पहिला प्रश्न "कधी होतं?" हाच विचारतो. "कधीकधी" या उत्तराने काही होत नाही. "रोज सकाळी गिझर लावल्यावर" असं कुणी सांगितलं की निम्मं काम झालेलं असतं. तेव्हा दोन-तीन दिवस एका कागदावर नोंद ठेवा. पैसे लागत नाहीत.

आणि हात लावून खात्री करू नका. "बघू दे, मला लागतं का" म्हणत घरातले सगळे ओळीने पाइपला बोट लावतात, ते थांबवा. कोरडी रबरी चप्पल असेल तर पूर्ण २३० व्होल्टही नुसत्या झिणझिण्यांसारखे वाटू शकतात. साधारण अर्धा ते एक मिलिअँपियर प्रवाह माणसाला जाणवू लागतो. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. आज काय होतं आणि उद्या ओल्या फरशीवर काय होईल, हे बोटाला कळत नाही.

गॅसचा वास येत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. बटण चालू-बंद काही करू नका, टेस्टर काढू नका. कॉक बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. सिलिंडर असेल तर १९०६, पाइप गॅस असेल तर बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक. विजेचं नंतर बघू.

पाइपमध्ये करंट येतो कुठून

जमिनीखालून इमारतीपर्यंत येणारी गॅसची लाइन हल्ली पॉलिथिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकची असते. इमारतीपाशी ती जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपला जोडली जाते आणि तिथून वर भिंतीवर राइझर चढतो. म्हणजे "पाइप जमिनीतून येतो, त्यामुळे तो आपोआप अर्थ झालेला, म्हणजे विजेसाठी जमिनीशी जोडलेला असतो" हा समज बहुतेक ठिकाणी चुकीचा. राइझर क्लॅम्पांवर भिंतीला अडकवलेला एक लांबलचक धातूचा तुकडा आहे. कुठल्याही मजल्यावर त्याला करंट लागला तर तो सगळ्या मजल्यांवर पोहोचू शकतो. जोडांना टेफ्लॉन टेप असते म्हणून करंट अडेल असं समजू नका. आट्यांमध्ये धातू धातूला टेकतोच.

पाइप स्वतः काही बिघडवत नाही, कुणीतरी त्याला करंट देतं. तो देणारा शोधायचा सोडून लोक पाइपला तार बांधायला निघतात. व्हिडिओ बघून येतात: इंग्लंडमध्ये गॅस मीटरपासून ६०० मिलिमीटरच्या आत क्लॅम्प मारून साधारण १० चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तार मुख्य अर्थ टर्मिनलला नेतात, मग आपणही नेऊ. तिथे बहुतेक घरांना वीज कंपनीच्या केबलसोबतच भरवशाचा अर्थ मिळतो. आपल्याकडे बहुतेक घरगुती सिंगल फेज जोडणीला फेज आणि न्यूट्रल दोनच तारा येतात, आणि अर्थिंगचा खड्डा इमारतीने किंवा घरमालकाने स्वतः करायचा असतो. तो खड्डा वाळलेला असला, पट्टी गंजून तुटलेली असली, आणि तुम्ही अशा मेलेल्या अर्थला पाइप जोडला, तर तुमच्या मिक्सरचा करंट आता वरच्या आजींच्या शेगडीत जाईल.

पाइपला असं अर्थशी जोडणं, म्हणजे बाँडिंग, चांगलंच आहे, पण त्याची पाळी शेवटी येते. आधी घरातली गळती बंद, मग घराचं अर्थिंग जिवंत, मग पाइप.

डोळ्यांनी बघा

गॅसच्या मीटरपासून शेगडीपर्यंत पाइप नजरेने तपासा. हात न लावता. त्याला कुठली वायर बांधलेली आहे? बाल्कनीतून जाणाऱ्या पाइपला आकाशकंदिलाची वायर गुंडाळलेली सापडते. दिवाळी होऊन सहा महिने झालेले असतात, माळ अजून तिथेच, उन्हाने इन्सुलेशन तडकलेलं. इंटरनेटवाल्यांच्या केबलीही राइझरलाच बांधतात, कारण तो हाताशी असतो. ट्रॉलीच्या मागे बोर्डाची वायर पाइपवर रेलून बसलेली असते.

दुसरं, शेगडीचं कनेक्शन बघा. रबरी नळी असेल तर शेगडी आणि पाइप यांच्यात विजेचा रस्ता सहसा नसतो. स्टीलची लवचिक नळी किंवा तांब्याचा पाइप थेट हॉबला असेल तर रस्ता पूर्ण मोकळा. हे लक्षात ठेवा: रबरी नळी असूनही पाइपलाच चटका बसत असेल, तर हॉबवरचा संशय कमी होतो.

मेन बंद करा

सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी हीच, आणि फुकटची. टेस्टर पाइपवर पेटतोय याची खात्री करा. मग घराचा मेन बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे विसरलात तर तपासणी वाया जाते, कारण मेन पडला की इन्व्हर्टर लगेच घराला वीज देतो आणि तुम्ही म्हणता "मेन बंद केला तरी येतंय". आता परत टेस्टर लावा.

करंट गेला तर गळती तुमच्या घरात आहे. पुढचे मुद्दे तुमच्यासाठी.

करंट तसाच राहिला तर तो बाहेरून येतोय. राइझरमधून, पाण्याच्या लाइनमधून, नाहीतर इमारतीच्या सामाइक अर्थच्या तारेतून. तुमच्या घरात खोदकाम करून उपयोग नाही. सरळ "मेन बंद केला तरी" या भागाकडे जा.

टेस्टरबद्दल एक सांगून ठेवतो. निऑनचा टेस्टर अगदी नगण्य प्रवाहावर पेटतो. पेटला म्हणजे काहीतरी आहे, एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही. आणि लाकडी स्टुलावर उभे असाल तर खरा करंट असूनही तो मंद दिसेल. "मंद पेटतोय, म्हणजे थोडाच आहे" हा निष्कर्ष काढू नका.

एकेक पिन उपसा

मेन चालू करा आणि स्वयंपाकघरातली उपकरणं एकेक करून सॉकेटमधून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. बोर्डवरचं बटण एकच तार तोडतं. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, आणि जुन्या वायरिंगमध्ये हे सर्रास असतं, तर बटण बंद असूनही उपकरणात फेज बसलेला असतो. पिन बाहेर आली की वाद मिटला.

माझा क्रम ठरलेला: विजेवर पेटणारा हॉब, चिमणी, पाण्याचा प्युरिफायर, मायक्रोवेव्ह, फ्रिज, मिक्सर, मग गिझर आणि वॉशिंग मशीन. प्रत्येक पिन काढल्यावर टेस्टर पाइपला लावा. एखादी पिन काढताच पाइप शांत झाला तर गुन्हेगार सापडला. पिन परत लावून करंट परत येतो का तेही बघा, नाहीतर योगायोगाला पकडून बसाल.

बॅटरीच्या सेलवर ठिणगी देणारा हॉब या यादीत येत नाही. पण २३० व्होल्टचं इग्निशन असलेला हॉब माझ्या अनुभवात पहिल्या नंबरवर. दूध उतू जातं, ते खाली वायरिंगपर्यंत झिरपतं, आणि हॉबचं पत्र्याचं अंग थेट गॅसच्या पाइपला जोडलेलं. त्यात ट्रॉलीवाल्याने हॉबची तीन तारांची वायर कापून तिथे दोन तारांची जोडलेली असली की मग बोलायलाच नको.

सापडलेलं उपकरण खराब असेलच असं नाही, हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर फ्रिज, नवी वॉशिंग मशीन यांच्या आत विजेतली खरखर गाळणारा एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून उपकरणाच्या अंगाला जोडलेले असतात. मुद्दाम. थोडा प्रवाह त्यांच्यातून अर्थमध्ये जाणं अपेक्षितच आहे. अर्थ जिवंत असेल तर तुम्हाला कधीच कळत नाही. अर्थ तुटलेला असेल तर अंगावर पुरवठ्याच्या साधारण निम्मे, ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात आणि हात लावला की मुंग्या येतात. सर्व्हिस सेंटरवाला मशीन तपासून "ओके" म्हणून जातो, त्याचंही खरंच असतं. दोष तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात आहे.

आणि घरातल्या सगळ्या सॉकेटच्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, पण खड्ड्याशी तुटलेल्या असतील, तर पाचसहा उपकरणांची गळती एकत्र होते आणि सगळ्यांच्या अंगावर फिरते. मग फ्रिज बंद केला तरी फ्रिजला चटका बसतो, आणि माणसाला वाटतं घराला काहीतरी लागलंय.

तिसरी पिन

मोठी जाड पिन आहे का ते आधी बघा. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून टॉपची अर्थ पिन कापून टाकलेली असते. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात तीन भोकं असतात, आत वायर दोनच तारांची. हे बदलणं सोपं आणि स्वस्त, आणि बऱ्याच घरांत तक्रार इथेच संपते.

मल्टिमीटर वापरता येत असेल तरच पुढची मापं घ्या. येत नसेल तर इथपासून वायरमनला करू द्या. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत, असं चांगल्या घरात दिसतं. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस, चाळीस, सत्तर असं काही आलं तर अर्थ तुटलेला आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. दोन्ही वाईट.

त्याहून वाईट एक आकडा आहे, तो म्हणजे अगदी शून्य. गिझर चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ चक्क शून्य दाखवत असेल तर कुणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधल्याची दाट शक्यता. अर्थिंग नाही अशी तक्रार आली की काही कारागीर खड्ड्यापर्यंत जात नाहीत, दोन इंचांची वायर टाकून मोकळे होतात. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवतात, बल्ब झगझगीत पेटतो, ग्राहक खूश. झिणझिण्याही थांबतात. ज्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी फेज चालू उपकरणातून फिरून त्याच दोन इंची तारेने फ्रिजच्या पत्र्यावर, हॉबवर आणि गॅसच्या पाइपवर पूर्ण येईल. हे सापडलं तर उपकरण वापरणं तिथेच थांबवा. दुरुस्ती त्याच दिवशी झाली पाहिजे.

आरसीसीबी

डीबीमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य स्विचच्या पेटीत, एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हिशोब बघा. खड्ड्याचा रोध १० ओहम धरला, आणि तो बऱ्यापैकी चांगला खड्डा झाला, तर फेज पत्र्याला टेकल्यावर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपियर वाहतात. १६ अँपियरच्या सी प्रकारच्या एमसीबीला तात्काळ पडायला ८० ते १६० अँपियर लागतात. २३ वर तो तासभरही तसाच उभा राहू शकतो, आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत. आरसीसीबी मात्र करंटची गळती ओळखून वीज तोडतो, आणि ३० मिलिअँपियरचा असेल तर त्याच दोषावर क्षणात पडतो.

त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. पडला नाही तर बदला. पडला तर यंत्र चालतंय, एवढंच सिद्ध होतं. ते बटण अर्थ असो वा नसो काम करतं, त्यामुळे त्यावरून अर्थिंगचं प्रमाणपत्र देऊ नका. आणि आरसीसीबी "सारखा पडतो" म्हणून कुणी बायपास केलेला असेल, तर पाइपचा चटका आणि ते पडणं ही बहुधा एकाच गळतीची दोन तोंडं आहेत.

सगळ्या पिना काढल्या, तरी करंट आहे

मेन बंद केल्यावर जातो, पण पिना उपसून जात नाही. याचा अर्थ गळती वायरिंगमध्येच आहे. डीबीतले एमसीबी एकेक करून पाडा. एखादा पाडल्यावर पाइप शांत झाला तर त्या सर्किटच्या वायरने भिंतीत कुठेतरी पाइपशी संधान बांधलंय. बहुतेक वेळा पाइपच्या क्लॅम्पचा स्क्रू कन्सील्ड, म्हणजे भिंतीत दडवलेल्या वायरमध्ये घुसलेला असतो. विचारून बघा: चटका पाइप बसवल्यानंतर किंवा ट्रॉल्या केल्यानंतर सुरू झाला का? उत्तर "हो" आलं तर बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली असलेले क्लॅम्प मी आधी बघतो, कारण कन्सील्ड पट्टी सहसा तशीच उतरते.

इथे तुमचं काम संपलं. तो एमसीबी बंदच ठेवा. क्लॅम्पचा स्क्रू स्वतः काढू नका. स्क्रू निघताना तार आत तुटते, ठिणगी पडते, आणि शेजारी गॅसची लाइन आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा माणूस बोलवा. तो मेन पाडून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजेल. नुसता टेस्टर घेऊन आला असेल तर दुसरा माणूस शोधा.

खड्ड्याचंही त्याच्याकडूनच करून घ्या. पाणी ओतून दोन दिवस बरं वाटतं, कारण माती ओली झाली की रोध उतरतो. एप्रिल-मेमध्ये वाढणारी तक्रार पाणी घातल्यावर थांबत असेल तर खड्डा म्हातारा झालाय. अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून मागा. "कोळसा-मीठ टाकलं, झालं" हे मोजमाप नव्हे.

मेन बंद केला तरी

आता हे एकट्या घराचं प्रकरण नाही. आधी सगळ्या पिना काढून बघा. त्याने पाइप शांत झाला तर करंट सामाइक अर्थच्या तारेतून तुमच्या उपकरणाच्या अंगावर आणि तिथून पाइपवर येतोय. नाही झाला तर राइझर किंवा नळ. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना सोबत घेऊन वरच्या-खालच्या घरांचे मेन एकेक करून पाडायचे आणि तुमच्या पाइपवर नजर ठेवायची. ज्या घराचा मेन पडल्यावर पाइप शांत होतो, त्या घरातल्या लोकांना बऱ्याचदा काहीच जाणवत नसतं, म्हणून ते मानत नाहीत. भांडू नका. त्यांच्यासमोर मेन पाडून-लावून टेस्टर दाखवा.

याच वेळी गॅस कंपनीला कळवा. मीटरपर्यंतची लाइन त्यांची असते. फोनवर "शॉक बसतो" एवढंच न सांगता "पाइपवर वीज आहे, मेन बंद केला तरी आहे" असं सांगा. पाइपमधून करंट वाहत असताना कुणी मीटरचा जोड उघडला तर तुटताना तिथे ठिणगी पडू शकते. पाइपच्या आत हवा नसते म्हणून एरवी धोका कमी असतो. उघडलेल्या जोडापाशी गॅस हवेत मिसळतो, आणि नैसर्गिक वायूचं प्रमाण हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं की तो पेट घेतो. त्यामुळे आलेल्या माणसाला जोड उघडण्याआधी हे माहीत असलंच पाहिजे.

मग बाँडिंग

गळती बंद झाली, सॉकेटचा अर्थ जिवंत आहे, खड्ड्याचा आकडा हातात आहे, आरसीसीबी पडतोय. आता पाइपला अर्थशी जोडण्यात अर्थ आहे. हेतू एवढाच की उद्या काही बिघडलं तरी पाइप, नळ, सिंक आणि फ्रिज एकाच पातळीवर राहावेत आणि दोन हातांमध्ये फरक पडू नये. पाइपचा अर्थिंगचा खड्डा म्हणून वापर करायचा नाही. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातही गॅसच्या पाइपला इलेक्ट्रोड म्हणून मनाई आहे.

जोड मीटरनंतरच्या, घराच्या बाजूच्या धातूच्या पाइपवर, आणि गॅस कंपनीला विचारून. पाइपसाठीचा पट्टी-क्लॅम्प, खाली रंग खरवडून उघडा केलेला धातू, किमान ६ चौरस मिलिमीटरची हिरवी-पिवळी तांब्याची तार, मध्ये जोड न देता थेट डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत. रंगावर बसवलेला क्लॅम्प शोभेचा असतो. पाइपला भोक पाडणं, वेल्डिंग, नुसती तार गुंडाळणं यातलं काहीही नाही. क्लॅम्पवर "काढू नये" अशी चिठ्ठी लावा, कारण पुढच्या वेळी स्वयंपाकघर रंगवायला येणारा माणूस तो सगळ्यात आधी काढेल. काम झाल्यावर पाइप आणि सॉकेटच्या अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा, सगळी उपकरणं चालू ठेवून. रंगकाम, ट्रॉल्या किंवा नवा हॉब झाला की हेच माप पुन्हा घ्यायचं.